खपल्या पडेपर्यंत

नवऱ्याला कंपनीनं सहा महिन्यांसाठी गुजरातला पाठवलं तेव्हा आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. तिकडं नवा प्लँट उभा राहत होता, मशिनी बसवायला इथली चार माणसं हवी होती आणि नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही तेव्हा कोरेगाव भीमाला एका खोलीत भाड्यानं राहत होतो. माझं सासर वरवंडचं, माहेर कासुर्डीचं. सासूबाई म्हणाल्या, "एकली कशाला ऱ्हातीस तिथं? चल गावाकडं." पण मला नुकतीच नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली. ती सोडून जायचं मनात येईना.

नोकरी म्हणजे नर्सरीच्या ताईची. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नर्सरी काढली होती. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची आणि मला ताई. तिसऱ्या एक मावशी होत्या, त्या झाडलोट करायच्या आणि मुलांना बाथरूमला न्यायच्या. पस्तीसेक मुलं होती. बहुतेकांचे आईवडील आसपासच्या कंपन्यांत कामाला. सकाळी नऊला मुलं यायची, एकला जायची. माझा मुलगाही त्यांतच बसायचा.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला दाराचं काम दिलं. "पोरं आत घेताना बघून घेत जा," त्या म्हणाल्या. "एकाला आलं की आठ दिवसांत सगळ्यांना येतं. ज्याला काही दिसेल त्याला तिथूनच परत पाठवायचं. आईनं कितीही विनवलं तरी." मग मी रोज सकाळी दारात लाकडी स्टूल टाकून बसायची. कपाळाला हात लावायचा, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायची, बोटांच्या बेचक्या बघायच्या, कानामागं बघायचं. मुलांना त्याची इतकी सवय झाली की ती समोर येऊन आपण होऊनच हात पुढं करायची. एक मुलगा तर मला बाजारात भाजी घेताना पाहिलं तरी जीभ काढून दाखवायचा.

त्या हिवाळ्यात काय काय आलं नाही. थंडीत शेंबूड आणि खोकला तर चालूच असायचा. संक्रांतीच्या सुमारास गालगुंडं आली. दोन-तीन मुलं गालावर हळदीचा लेप आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत रुमाल बांधून दारात उभी राहिली आणि तशीच परत गेली. मग एका मुलीचे डोळे आले, मग खरूज. उवा तर आम्ही आजारात धरतच नव्हतो. आयांच्याही युक्त्या मला कळायला लागल्या. ताप असला की सकाळी तापाचं गोड औषध पाजून आणायचं, म्हणजे दारात कपाळ गार लागतं. अकराच्या सुमाराला औषध उतरलं की मूल सतरंजीवर आडवं व्हायचं आणि मग मला कळायचं.

खरं सांगायचं तर त्या स्टुलावर बसायला मला आवडायचं. नवरा गेल्यापासून माझ्याशी बोलणारं मोठं माणूस कुणी नव्हतं. आमच्या चाळीत सगळी शिफ्टची माणसं. कुणी रात्री कामाला जाऊन दिवसा झोपलेलं, कुणी पहाटे गेलेलं. दारं कायम बंद. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नवऱ्याचा फोन यायचा. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं, त्यामुळं बरं आहे, बरं आहे एवढंच बोलणं व्हायचं. बाकी सगळा आठवडा मी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. नर्सरीच्या दारात मात्र पस्तीस बाया माझ्या तोंडाकडं बघत उभ्या असायच्या. मी आत म्हटलं की आत, परत म्हटलं की परत. माझं कुणीतरी ऐकतंय याचं मला बरं वाटायचं. ते मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

फेब्रुवारी संपत आला होता. एका सकाळी कंपनीतल्या एका साहेबांचा मुलगा आठ दिवसांच्या सुट्टीनंतर आला. शिरूरला कुणाचं तरी लग्न होतं, तिथं गेले होते. साहेब स्वतः मोटारसायकलवरून त्याला सोडायला आले. मी कानामागं पाहिलं तर दोन फोड होते. एक सुकून काळा पडलेला, एकाच्या डोक्याला अजून पाणी. मी वर पाहिलं. साहेब म्हणाले, "डास चावलेत हो मॅडम. लग्नाच्या घरी फार डास." मला ते डासाचं वाटलं नाही. पण हे साहेब माझ्या नवऱ्याच्या खात्यातले नसले तरी त्याच कंपनीतले होते. मोठ्या बाई त्यांना बसायला खुर्ची द्यायच्या. मी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "जा आत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती बाई आली.

ती एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. साडीवर निळा एप्रन घालूनच मुलीला सोडायला यायची, कारण इथून तिला थेट गेटवर जायचं असे. माझ्याच वयाची असेल, पंचवीस-सव्वीस. नवरा ट्रकवर, आठवड्यातून एखाद्या दिवशी घरी. मुलगी तीन वर्षांची, बारीक आवाजात बोलणारी. त्या दिवशी मार्चचं ऊन आठ वाजल्यापासूनच तापलं होतं आणि मुलीच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"स्वेटर कशाला घातलाय?" मी विचारलं.

"सकाळी गार व्हतं," ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी बाही वर सरकवली. कोपरापासून खाली पाण्यानं भरलेले बारीक फोड. पोटावर पाहिलं, पाठीवर पाहिलं. पाठ तर भरली होती.

"या कांजिण्या आहेत," मी म्हटलं. मागं चार-पाच बाया मुलांना घेऊन उभ्या होत्या, त्या झटकन दोन पावलं मागं सरल्या. "घेऊन जा. खपल्या पडेपर्यंत आणायचं नाही."

"ताई, आजचा दिस घ्या. उद्या काय तरी करते मी. आज गेटवर न्हाई गेले तर नाव काटतील."

"मग कुणाकडं तरी ठेवा तिला."

"कुणाकडं?" तिनं विचारलं.

तिनं ते भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. मला माहीत असेल तर सांगावं, अशा आवाजात विचारलं होतं. मी म्हटलं, "ते मी कसं सांगू? बाकीच्या मुलांचा विचार नको का करायला? असं झाकून आणता, लाज वाटत नाही?" हे शेवटचं वाक्य मोठ्या बाईंनी मला शिकवलं नव्हतं. ते माझं होतं.

तिनं मुलीची बाही खाली ओढली, तिला कडेवर घेतलं आणि ती गेली. मागच्या बायांपैकी एक म्हणाली, "बरं केलं ताई. असल्यांमुळंच पसरतं." मीही मान हलवली.

आठवडा-दोन आठवड्यांत सहा मुलांना कांजिण्या आल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, की त्या पॅकिंगवालीच्या पोरीनं आणल्या. साहेबांचा मुलगा तोवर ठणठणीत होऊन मधल्या सतरंजीवर बसत होता. मला सगळं ठाऊक होतं. मी एक अक्षर बोलले नाही.

त्याच सुमाराला मोठ्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू होता. मुलाकडं पुण्याला जाऊन त्या पंधरा दिवस तिथंच राहणार होत्या. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "तुमच्या जिवावर जातेय," त्या म्हणाल्या. "एक दिवस बंद ठेवू नका. या बायांना दुसरं कुणी नाही."

त्या सोमवारी गेल्या. मंगळवारी सकाळी मुलाला अंघोळ घालताना त्याच्या छातीवर मला तीन लाल ठिपके दिसले. मी साबण खाली ठेवला आणि त्याला उजेडात नेऊन पाहिलं. पाठीवर अजून पाच. अंग कोमट होतं. तो म्हणाला, "आई, मला पण आल्या?" नर्सरीत आठवडाभर सगळे कांजिण्यांबद्दलच बोलत होते, त्यामुळं त्याला त्याचं अप्रूप होतं.

मी त्याला कपडे घातले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि वरवंडला फोन लावला. तिथं शेजाऱ्यांकडं फोन होता. सासूबाईंना बोलावून आणेपर्यंत मी रिसीव्हर कानाला धरून उभी होते. धाकट्या जावेला बारा दिवसांपूर्वीच मुलगी झाली होती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इकडं नको आणू गं. घरात ओली बाळंतीण हाय, तान्हं लेकरू हाय. मीबी तिकडं येऊ शकत न्हाई, हिला कोन बघंल? कडुलिंबाचा पाला घाल अंगाखाली. फोडणी देऊ नको घरात. व्हईल बरं." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कासुर्डीला माझी आई नव्हती. वडील होते, भाऊ-भावजय होते, त्यांचा कांदा काढायला आला होता आणि घरात दोन लहान मुलं होती. तिकडं मी फोन लावलाच नाही. उत्तर माहीत असताना विचारायला नको वाटलं.

घड्याळात साडेआठ झाले होते. नर्सरीची किल्ली माझ्या कमरेला होती.

मी गॅसची टाकी बंद केली. काडेपेटी, सुरी, रॉकेलचा डबा सगळं वरच्या फळीवर ठेवलं. मोरी खोलीतच होती, तिथली पाण्यानं भरलेली बादली उपडी केली. तांब्यात पाणी, वाटीत चुरमुरे, पाटी आणि खडू त्याच्याजवळ ठेवले. तो अंथरुणावर बसून माझी धावपळ बघत होता.

"तू कुठं चाललीस?"

"नर्सरीत."

"मी पण."

"तुला फोड आलेत ना. फोड आलेल्यांनी घरी थांबायचं असतं."

"मग तू पण घरी थांब."

मी त्याला सांगितलं की मधल्या सुट्टीत येते, काटा अकराच्या घरात गेला की येते. त्याला घड्याळ कळत नव्हतं. मी बाहेर आले, दार ओढलं, कुलूप लावलं. आतून आधी काहीच आवाज आला नाही. बोळाच्या टोकाला पोचले तेव्हा त्यानं पहिली हाक मारली. मी थांबले नाही. थांबले असते तर गेले नसते.

त्या दिवशी मी नेहमीसारखी स्टुलावर बसले. कपाळं बघितली, पापण्या बघितल्या. एका बाईनं विचारलं, "तुमचं पिल्लू कुठंय आज?"

"वरवंडला पाठवलाय, आजीकडं."

"बरं केलं. इथं कांजिण्यांचा नुसता बाजार मांडलाय," ती म्हणाली.

अकराला मावशींना मुलांजवळ बसवून, दूध आणते म्हणून मी धावत घरी गेले. दार उघडायला गेले तर ते अडलं. तो दाराला टेकूनच झोपला होता. दोरीवरची माझी साडी ओढून त्यानं अंगाभोवती घेतली होती. गालांवर रडून रडून मीठ धरलं होतं. त्याला उठवलं, भात भरवला, पुन्हा निजवलं आणि पुन्हा कुलूप लावलं. या वेळी तो रडलाही नाही. त्याचं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. अकराला बोळात शिरले तर आमच्या खिडकीखाली कुणीतरी बसलेलं दिसलं. मी जवळ गेले. ती पॅकिंगवाली होती. एप्रन नव्हता. मुलगी तिच्या मांडीवर उभी होती आणि आतून माझा मुलगा खिडकीचे गज धरून. दोघं चौकटीवर चिंचोके मांडत होते. मुलीच्या अंगावरच्या खपल्या बहुतेक पडल्या होत्या, गुलाबी डाग राहिले होते.

ती उठली. "इकडून चालले व्हते," ती म्हणाली. "आत पोरगं रडत व्हतं. कुणाचं हाय ते न्हाई वळखलं आधी. मग त्यानंच सांगितलं, माझी आई ताई हाय म्हून."

हातातली किल्ली मी मुठीत लपवली, जणू ती दिसली नाही तर कुलूपही दिसणार नव्हतं. तिनं मात्र कुलपाकडं पाहिलं नाही.

"मोठ्या बाई पुण्याला गेल्यात," मी म्हटलं. "नर्सरी बंद ठेवता येत नाही. आणि याला कुठं..."

"व्हय," ती म्हणाली.

मग ती म्हणाली, "किल्ली द्या. मी बसते त्याच्यापाशी. मला काय आता काम न्हाई. हिच्यामुळं चार दिस घरी बसले, तवाच नाव काटलं त्यांनी."

मी किल्ली दिली. दुसरं काय करणार होते? तोंड वर करून नको म्हणायलासुद्धा थोडी तरी बाजू लागते, ती माझ्याकडं नव्हती.

मोठ्या बाई परत येईपर्यंत ती रोज पावणेनऊला यायची. येताना कडुलिंबाच्या डहाळ्या आणायची. मी एक वाजता परत आले की मुलगा झोपलेला असायचा, अंगाखाली पाला पसरलेला, नखं कापलेली. तिनंच कापली होती. "खाजवू देऊ नका. तोंडावर खड्डा ऱ्हातो," ती सांगायची. मग मी चहा ठेवायची आणि आम्ही दोघी दारात बसून प्यायचो. नवरा गेल्यानंतर दुपारी माझ्यासोबत चहा घेणारी ती पहिलीच. ती फार बोलत नसे. एकदा सांगत होती की तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायची, आता शेती करतात. सासरा अजून त्या गोष्टी सांगतो. "मेंढराला देवी आली की त्याला कळपातनं येगळं बांधायचं," ती म्हणाली. "पन मानूस त्याच्याजवळ बसून ऱ्हायचा. मुकं जनावर, एकलं न्हाई सोडायचं." ती हे मला टोचून बोलली असं तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. आठवलं म्हणून सांगितलं. पण मी कपात बघत राहिले.

मला वाटायला लागलं होतं की ही आता माझी मैत्रीण होईल. त्याच भरात चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. ती सुपात पाला निवडत होती.

"कांजिण्या तुमच्या मुलीनं आणल्या नाहीत," मी म्हटलं. "तिच्या आधी दुसऱ्या एका मुलाला होत्या. मला दिसल्या होत्या."

"कवा?"

"तुमच्या आधी पंधरा दिवस."

तिचे हात थांबले. "मग त्याला न्हाई धाडलं माघारी?"

"त्याचे वडील साहेब आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादी गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत होती, फक्त कुणी सांगितली नव्हती, तसं. मग ती पुन्हा पाला निवडायला लागली. काड्या एकीकडं, पानं एकीकडं. सगळा निवडून झाल्यावर म्हणाली, "व्हय."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मला वाटलं होतं, येणार नाही. मुलाला तिनं तेल लावलं, भरवलं, निजवलं, सगळं पहिल्यासारखं. एक वाजता मी चहा ठेवायला लागले तशी ती उठली. "पोरीला भूक लागलीया," म्हणाली आणि गेली. तिथून पुढं ती चहाला थांबली नाही. मी भांड्यात दोन कपांचं पाणी टाकायची आणि एक कप काढून ओतून द्यायची.

शेवटच्या दिवशी तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. "खपल्या धरल्यात. दोन-चार दिसांत पडतील. आता ताप न्हाई," ती म्हणाली. मी तिला म्हटलं की माझं चुकलं. त्या दिवशी दारात सगळ्यांसमोर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. ती पदर नीट करत उभी राहिली. "तुमी तरी काय करनार," ती म्हणाली. लोक हे वाक्य ज्या मायेनं बोलतात तशी ती बोलली नाही. बोलणं तिथंच मिटवायचं म्हणून बोलली.

मोठ्या बाई काळा चष्मा लावून परत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कुलपाचं, खोटं बोलल्याचं, साहेबांच्या मुलाचं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला रागावतील अशी माझी तयारी होती, किंबहुना त्यांनी रागवावं असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. मुलगा बरा आहे ना? मग आता पालकांत काही बोलू नका. साहेबांचं नाव निघालं तर उगीच गाजावाजा होईल."

एप्रिलच्या सुरुवातीला ती मुलगी पुन्हा यायला लागली. तिच्या आईला दुसऱ्या ठेकेदाराकडं काम मिळालं होतं. सकाळी दारात मी मुलीचा हात हातात घेतला, सवयीनं बाही वर केली आणि लगेच खाली केली. बाया आपापसांत कुजबुजल्या. एकीनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "आमच्या पोराला तिच्याजवळ नका बसवू." मी म्हटलं, "ती बरी झालीये. आणि तिनं आणल्याच नव्हत्या."

"मग कुणी आणल्या?"

मोठ्या बाई आतून बघत होत्या. मी म्हटलं, "आता काय सांगायचं." तिनं तिला हवा तो अर्थ घेतला. मी मुलीला रोज माझ्याशेजारी बसवायला लागले. गाणी म्हणताना ती माझा पदर धरायची. आई मात्र दारात आली की मुलीला पुढं करायची आणि माझ्याकडं न बघता निघून जायची. दहा-बारा दिवसांनी मुलगी यायची बंद झाली.

चार दिवस वाट बघून मी तिची खोली शोधत गेले. खोलीला दुसरंच बिऱ्हाड लागलं होतं. शेजारीण म्हणाली, "गेली की ती दौंडला. तिचा भाऊ हाय तिथं रेल्वेत. भाऊ म्हनला, इकडंच ऱ्हा." मी थोडा वेळ त्या ओट्यावर बसले. शेजारणीनं पाणी दिलं आणि विचारलं, "तुमची कोन व्हती?" "आमच्या नर्सरीत मुलगी होती त्यांची," मी म्हटलं.

दौंड काही लांब नाही. वरवंडहून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पुढं कितीदा तरी मी सासरी गेले आणि दर वेळी ठरवलं की एक दिवस दौंडला जाऊन यावं. पण एवढ्या मोठ्या गावात रेल्वेतल्या कुणा भावाची बहीण कशी शोधायची, हे स्वतःला सांगून मी घरीच थांबायची. दोनदा गाडी बदलायला दौंड स्टेशनवर बसले होते. तिथं फलाटावरच्या प्रत्येक बाईकडं मी बघत बसले. भेटली असती तर काय बोलले असते, ते मात्र कधी ठरवता आलं नाही.

त्या नर्सरीत मी अजून सहा वर्षं होते. दाराचं काम माझ्याकडंच राहिलं. मुलांना परत पाठवावंच लागायचं, त्याला इलाज नव्हता. पण पाठवण्याआधी मी विचारायची, घरी कोण आहे. मोठ्या बाईंच्या मागं लागून मी मागच्या पडवीत एक खाट टाकून घेतली होती, कुणीच नाही असं कळलं की त्या मुलाला तिथं निजवायचं. मावशी नाहीतर मी, जिला आधी येऊन गेलं असेल ती, त्याच्याजवळ बसायचो. मोठ्या बाईंना ते पटलं नव्हतं. त्या पुष्कळ दिवस कुरकुरल्या, मग बोलायच्या थांबल्या.

नवरा मेअखेरीस परत आला. सहा महिन्यांत बारीक झाला होता, जेवताना मधूनच गुजरातीतला एखादा शब्द बोलायचा. आल्या दिवशी त्यानं मुलाला मांडीवर घेतलं, त्याचा शर्ट काढला आणि पाठीवरच्या डागांवरून बोट फिरवलं.

"हे काय झालं होतं याला?"

"कांजिण्या," मी म्हटलं. "मार्चात."

"फोनवर बोलली नाहीस?"

"दुकानात माणसं असायची."

तो हसला. "बरं झालं. लहानपणीच आटपलं. मोठेपणी फार त्रास होतो म्हणतात." मग त्यानं विचारलं, "तुला जड गेलं असेल ना एकटीला?"

सगळं सांगायला हीच वेळ होती. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मुलानं बापाच्या बॅगेत हात घातला आणि आत काय काय आहे ते एकेक करून बाहेर काढायला लागला. नवरा त्याला एकेक वस्तू दाखवायला लागला, ही कशाची, ती कशाची. मी उठून पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं.